विस्तवाच्या वंशातली लेक

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता, आणि त्याला कुठेच स्वस्थ बसवत नसे. त्याच्या पणजोबांनी एका मांत्रिकाची झोपडी जाळली होती. मांत्रिकाने शाप दिला, "तुझ्या वंशाच्या रक्तात विस्तव राहील." तेव्हापासून त्या घराण्यातले मूल रागावले की त्याच्या बोटांतून ज्वाळा निघत. अशा मुलाला दगडी बुरुजात कोंडायचे, अशी रीत पडली. शार्दूलसेनाचे सारे बालपण त्याच बुरुजात गेले होते.

आता त्याची लेक उल्का पेटू लागली होती. प्रधानाने बुरुज झाडून घेतला. राजा दिवसभर तटावर येरझारा घालीत राहिला.

राणी मंदारिका म्हणाली, "महाराज, बुरुजात राहून आपला विस्तव विझला?"

"विझला नाही. वाढला."

"तर लेकीला तिथे का धाडता?"

राजाने घोडा काढला आणि मांत्रिकाची झोपडी जिथे जळाली होती ते अरण्य गाठले. तिथे मांत्रिकाचा धनेश पक्षी अजून जिवंत होता, आणि माणसासारखा बोलत होता.

"माझ्या लेकीतला विस्तव काढून घे," राजा म्हणाला.

"तो निघत नाही. तिचे रक्तच आहे ते," धनेश म्हणाला. "पण शापाला तीन गाठी आहेत. लेक पेटेल तेव्हा तिच्याजवळ बस. पळू नकोस, पेटू नकोस. दर वेळी एक गाठ सुटेल."

पहिल्यांदा, झोपाळा थांबवला म्हणून उल्का पेटली. राजा शेजारी बसला. मिशी होरपळली, पण तो हलला नाही.

दुसऱ्यांदा तिच्या हातून त्याच्या आईचा शेला जळाला. आईची तेवढीच वस्तू त्याच्यापाशी होती. त्याच्या बोटांतून ठिणग्या फुटू लागल्या. त्याने हात घंगाळात बुडवले, पाणी उकळले. मग तसाच, ओल्या हातांनी, तो तिच्याजवळ जाऊन बसला.

तिसऱ्यांदा भर दरबारात उल्का ओरडली, "तुम्ही मला बुरुजात टाकणार! मला ठाऊक आहे!"

तिच्याभोवती ज्वाळा उठल्या. दरबारी पळाले. राजाचेही अंग तापत आले. आपण पळावे, की तिलाच ओढून नेऊन कोंडावे, त्याला कळेना. तो सिंहासनावरून उतरला आणि तिच्यापुढे जमिनीवर बसला.

"बाळ, मलाही असेच होते."

उल्का थबकली. "तुम्हालाही? तेव्हा भीती वाटते?"

"फार वाटते. लहानपणी तर जवळ कोणीच नसे."

तिने त्याचा हात धरला. दोघांचेही हात कढत होते. ज्वाळा हळूहळू खाली आल्या आणि शमल्या. त्याच क्षणी बुरुज मुळापासून कोसळला.

विस्तव रक्तात राहिला, पण शाप सुटला; आता त्यापायी कोणाला कोंडायचे नव्हते. प्रजेने त्या दगडांचा नदीला घाट बांधला. राजा रात्री झोपू लागला.

पुढे राणीला मुलगा झाला. एकदा पाळण्यात रडून तो लालबुंद झाला, बोटांवर ठिणग्या उडाल्या. प्रधान पाण्याची घागर घेऊन धावला. उल्काने त्याला दारातच थांबवले, पाट पुढे ओढला आणि त्या इवल्या मुठीवर आपला हात ठेवला.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "मी आहे."