सात पांढऱ्या खुणा

एकदा एका डोंगरगावात मोटारी दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर राहत होता. लोक त्याला उस्ताद म्हणत. त्याच्याजवळ एक तरुण शिष्य काम शिकत होता. शिष्याचा हात चांगला होता, मात्र हातात हत्यार आले की त्याला धीर धरवत नसे.

एके दिवशी गावातला कापडाचा व्यापारी आपली नवी लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला.

"उस्ताद, गाडी चार बोटं खाली बसवा आणि टायर रुंद टाका," तो म्हणाला. "पौर्णिमेला तळ्याकाठी सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. माझ्या गाडीखालून मांजरसुद्धा जाता कामा नये."

शिष्याचे डोळे चमकले. "आत्ता करतो, शेठ. स्प्रिंगचे दोन वेढे कापले की झालं!" आणि त्याने ग्राइंडर उचललासुद्धा.

"ठेव ते," उस्ताद म्हणाले. "कापलेला वेढा पुन्हा जोडता येत नाही." मग व्यापाऱ्याकडे वळून त्यांनी विचारले, "शेठ, तळ्यावर तुम्ही महिन्यातून एकदा जाता. रोज कुठे जाता?"

व्यापारी हसला. "रोज? रोज आक्काकडे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दुकान उघडण्याआधी तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तिचे गुडघे गेलेत, म्हणून तिला दारातूनच गाडीत बसवतो आणि देवळापर्यंत फिरवून आणतो."

उस्तादांनी मान हलवली. त्यांनी गोणपाटाची एक लांब वळकटी केली, दाट चुन्यात बुडवली आणि गाडीच्या पोटापासून बरोबर चार बोटे खाली राहील अशी एका आडव्या पट्टीने घट्ट बांधली.

"उद्या सकाळी चुना पुन्हा ओला करतो, मग गाडी अशीच आक्काकडे न्या."

"नव्या गाडीला हा लंगोट कशाला?" व्यापारी वैतागला. शिष्यालाही काही उमगेना. पण उस्तादांना पुन्हा विचारायची दोघांनाही सवय नव्हती.

सकाळी गावावर दाट धुके उतरले होते. घरे, झाडे, विजेचे खांब सगळे कुठेतरी विरघळून गेल्यासारखे वाटत होते. लाल गाडी सावकाश पुढे निघाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मागून गुरू-शिष्य पायी चालू लागले. गाडी दिसत नव्हती, तिचा आवाजही हळूहळू मिटत गेला. रस्त्यावर मात्र मधूनच एक ओली पांढरी रेघ उमटलेली दिसे. शाळेपुढच्या गतिरोधकावर एक. पिठाच्या गिरणीपाशी, रस्ता खचला होता तिथे दुसरी. जणू कोणी पुढे चालत जाऊन त्यांच्यासाठी रस्त्यावर लिहीत होते. शिष्य मनातल्या मनात मोजत राहिला.

सातवी रेघ सर्वांत जाड होती. आक्काची गल्ली जिथे चढाला लागते तिथे गटारावर एक मोठी फरशी होती, तिच्यावर ती उमटली होती. त्या फरशीपासून आक्काचे दार चाळीस पावलांवर होते.

व्यापारी गाडीतून उतरून त्या रेघेकडे पाहत उभा होता. धुके आता विरळ होत होते, आणि वर दारात, भिंतीला धरून, आक्का उभी दिसत होती.

"हे पांढरं काय रे?" तिने वरून विचारले.

"गाडी खाली बसवायची म्हणतोय, आक्का. मग ती या फरशीला अडकेल."

आक्का सहज म्हणाली, "अडकू दे की. मी येत जाईन खाली. चाळीस पावलं तर आहेत." आणि भिंत धरून तिने पहिले पाऊल उचललेसुद्धा.

"थांब गं, तिथंच थांब!" व्यापारी धावत वर गेला.

तो परतला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "उस्ताद, माझी हौस चुकली का?"

"नाही," उस्ताद म्हणाले. "खाली बसलेली गाडी वळणावर डोलत नाही. रुंद टायर जमीन घट्ट धरून ठेवतो. हौस चांगली आहे, शेठ. पण गाडी किती खाली न्यायची हे गाडी पाहून ठरवू नये. ज्या दारी ती रोज पोहोचते, त्या दाराच्या वाटेला विचारावे. वाट सांगेल तेवढेच खाली जावे." मग ते शिष्याला म्हणाले, "आता माप तू सांग."

शिष्य थंड फरशीपाशी गुडघे टेकून बसला. चुना कुठे नुसता लागला आणि कुठे घासला गेला, हे त्याने बोटाने चाचपून पाहिले. घाई न करता बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"एक बोट," तो अखेर म्हणाला. "स्प्रिंग कापायची नाही, त्या मापाची दुसरी घालू. टायर मडगार्डाच्या आत मोकळे वळतील तेवढेच रुंद."

उस्तादांनी खिशातली आपली जुनी मोजपट्टी काढून शिष्याच्या हातात ठेवली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी तळ्याकाठी गाड्यांची रांग लागली. पाण्यात त्यांचे रंग हलत होते. लाल गाडीजवळ येऊन कोणीतरी टोमणा मारला, "काय शेठ, गाडी फारच उंच राहिली की तुमची!"

व्यापाऱ्याने शेजारच्या आसनाकडे पाहिले. तिथे आक्का मांडीवर हात ठेवून तळ्यातला चंद्र निरखत होती.

"आमच्या आक्काचं घर चढावर आहे," तो म्हणाला.