चंदावलीवर सटवोजी

"…म्हणजे मी मागं? सटवोजी धायगुडे मागं? बाबा, तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?"

केवलगिरी गोसावी ओढ्याकाठच्या दगडावर बसले होते. तुंब्यातलं पाणी त्यांनी डोक्यावर थापलं, वस्तरा उघडला आणि कपाळापासून वर ओढला. आरसा नव्हता. एका हाताने चाचपत, दुसऱ्याने ओढत चाललं होतं.

"ऐकताय ना?"

"कान मोकळे आहेत. बोल."

सटवोजी बोलायलाच तर आला होता. छावणीपासून इथवर भर दुपारी घोडं दामटलं होतं, मनातलं पोटात राहीना म्हणूनच.

गोष्ट अशी होती. मागच्या लढाईत राजाच्या फौजेची दाणादाण उडाली होती. शत्रू नदीपलीकडे दम खात होता आणि तो पुन्हा येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. तेवढ्या अवधीत फौज नव्याने उभी करायचं काम राजाने एका माणसाच्या हाती दिलं. तो माणूस सटवोजी नव्हता. तो होता खेत्रोजी, घोड्यांना नाल ठोकणाऱ्याचा मुलगा.

त्यात दोघे गुरुबंधू. एकाच दिवशी, याच ओढ्यावर, केवलगिरींकडून दोघांनी उपदेश घेतलेला. परका पुढे गेला असता तर सटवोजीने नशिबाला बोल लावला असता आणि दोन घास सुखाने खाल्ले असते. हा तर मांडीला मांडी लावून बसलेला. आता अन्न गोड लागत नव्हतं.

"काय काय केलंय त्या खेत्र्यानं, ठाऊक आहे? माझ्या घरची चांदीची अंबारी वितळवली. कशाला, तर बंदुका घ्यायला! हत्ती विकले. म्हणे हत्ती खातो फार आणि तोफ वाजली की आपल्याच माणसांवर उलटतो."

"उलटतो का?"

"उलटतो. पण ते त्यानं सांगायचं?"

बाबांनी वस्तरा पाण्यात बुचकळला.

"भाऊबंदांची पथकं फोडली. काका एकीकडं, पुतण्या दुसरीकडं. म्हणे एक पळाला की सगळं गोत त्याच्यामागं पळतं."

"पळालं होतं?"

"…पळालं होतं."

"मग पुढं?"

"पुढं काय! बुणगे हाकलले. हलवाई गेले, नाचणाऱ्या गेल्या, न्हावी गेले…"

"ते कळलं," बाबा म्हणाले. "माझाही न्हावी त्यातच गेला."

सटवोजीला हसू आलं नाही. समोरच्या दगडावरून उठून तो येरझाऱ्या घालू लागला.

"आणि बिनीवर, फौजेच्या अगदी तोंडाला, कोण? कालपर्यंत औत हाकणारी पोरं! पायदळ! एका मापाच्या बंदुका, एका हुकमानं बार. आणि आजोबांपासून बिनीचा मान ज्या घराकडं, ते घर चंदावलीवर. फौजेच्या शेपटीला! बैल, दाणागोटा आणि जखमी माणसं राखायला!"

"पोरं बार नीट काढतात?"

सटवोजी थांबला.

काल तो बाभळीआड उभा राहून ती कवायत बघून आला होता. हुकूम झाला आणि सगळ्या बंदुका एकदम उडाल्या. एकही मागेपुढे नाही. त्याचं सैनिकाचं काळीज क्षणभर सुपाएवढं झालं होतं. मग लगेच आठवलं, हे केलं कोणी, आणि छातीत कोळसा पेटला. हे मला का सुचलं नाही? सुचलं असतं तर राजाने माझं ऐकलं असतं का? रात्रभर त्याला तेवढंच पुरलं होतं.

"काढतात," तो तुटकपणे म्हणाला.

बाबांचा वस्तरा कानशिलापाशी आला होता.

"तो इथं येतो का?"

"कोण?"

"तुम्हांला माहीत आहे कोण."

"येऊन गेला परवा."

"कुठं बसला होता?"

"मघा तू बसला होतास तिथं."

सटवोजीने त्या दगडाकडे पाहिलं. पुन्हा तिथे बसायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"जेवला?"

"भाकरी खाल्ली."

"कोणी वाढली?"

बाबांनी वस्तरा खाली घेतला. "सटवोजी, तू एवढ्या मोठ्या फौजेचा सरदार ना रे?"

"मला कधी तुम्ही हातानं वाढली नाहीत."

आपण हे बोललो आणि ते फार वाईट दिसलं, हे त्याचं त्यालाच कळलं. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या माणसाने भाकरीवरून तोंड वाकडं करावं! पण शब्द निघून गेला होता. आणि एकदा लाज सोडलीच, तर आत दाबून ठेवलेलं दुसरंही मग बाहेर आलं.

"तर ऐका. उद्या सकाळी कूच आहे. शत्रू मागून येणार. मागच्या खेपेलाही तो तसाच आला होता. पुढं मी मारत चाललो होतो बाबा, पार त्यांच्या झेंड्याशी पोचलो होतो, आणि मागं चंदावलीवरचे सगळे पळाले. म्हणून हरलो. या खेपेलाही येऊ दे त्याला मागून. मी लढणार नाही. पळणारही नाही, पळणं आमच्या घरात नाही. माझी माणसं घेऊन बाजूच्या टेकाडावर उभा राहीन. राजाला बघू दे, खेत्र्याची नवी फौज किती वेळ टिकते ती!"

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी भिजल्या हाताने डोक्याची पुढची बाजू चाचपली, गुळगुळीत लागली. मग वस्तरा त्याच्यापुढे धरला.

"पुढचं झालं. मागं माझा हात पोचत नाही. घे."

"मी?"

"इथं दुसरं कोण आहे?"

"बाबा, मी सरदार आहे."

"न्हावी तुमच्याच फौजेनं घालवला. आता सरदारावरच भागवायला हवं."

एवढं बोलून ते त्याच्याकडे पाठ करून बसले.

सटवोजीने वस्तरा घेतला. तलवार धरावी तसा मुठीत धरला, मग चूक ध्यानात येऊन बोटांत धरला. तुंब्यातलं पाणी ओतलं. कपाळाला आठ्या घालून त्याने पहिला हात फिरवला.

"खेत्रोजी मोठा झाला," बाबा ओढ्याकडे बघत म्हणाले.

पातं जरा तिरकं गेलं. रक्ताचा थेंब आला.

"लागलं?"

"लागलं. चालू दे."

सटवोजीने थेंब अंगठ्याने पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

"राजानं माणूस नेमका निवडला. तुझ्या हातून हे झालं नसतं. अंबारी वितळवायला तुझा जीव धजला नसता."

सटवोजीने दात आवळले. खोटं असतं तर त्याला इतकं झोंबलं नसतं. अंबारीवर बसलेले आजोबा त्याला आठवत होते. तो ती कधीच देऊ शकला नसता. आणि ती दिल्याशिवाय बंदुका आल्या नसत्या, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. नालबंदाच्या पोराला मात्र द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने दुसऱ्याचं देऊन टाकलं आणि शहाणा ठरला!

"आणि तुझ्याइतकंच माझं त्याच्यावरही प्रेम आहे," बाबा म्हणाले. "कधी कधी वाटतं, काकणभर जास्तच असेल."

वस्तरा मानेच्या खळग्याशी येऊन थांबला.

बाबांची मान बारीक होती. कातडीखाली शीर उडत होती. सटवोजीने वस्तरा पुन्हा तलवारीसारखा मुठीत आवळला.



"बाबा."

"हं."

"त्याला ठाऊक आहे? माझ्या मनात काय चाललंय ते?"

"ठाऊक आहे."

"तुम्ही सांगितलंत?"

"मला तर त्यानंच सांगितलं. सटवोजी टेकाडावर उभा राहील म्हणाला. भाकरी खाता खाता."

सटवोजीचा चेहरा उतरला. आपण रात्र रात्र जागून रचलेला बेत त्या माणसाला न सांगता कळावा, याचाही त्याला हेवा वाटला.

"मग मला तिथं ठेवलंच का? बाकीचे सरदार मेले होते?"

"मीही तेच विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाकीच्यांचा माझ्यावर राग नाही. पण ते पळतात."

…

छावणीच्या बाजूने बंदुकांचा एकच बार ऐकू आला. पोरांची कवायत चालू होती. इतक्या लांबूनही सगळ्या एकदम उडाल्याचं कळत होतं.

"बाबा, पातं तुमच्या मानेवर आहे," तो म्हणाला. "हात माझा आहे. मघापासून तुम्ही मला डिवचताय. भीती नाही वाटत तुम्हांला?"

"वाटते की."

"मग एकदाही वळून का नाही बघितलंत?"

केवलगिरींनी मान आणखी खाली घातली.

"मी वळलो, तर मागचं तू करणार कसं?"