वेळुमतीच्या घाटावरचा नगारा

पूर्वी वेळुमती नदीच्या काठी कुसुंभ नगरात जयसाल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या नदीच्या डोहात मगरीच्या योनीत जन्मला होता. वयाने तो डोहातल्या सगळ्या मगरींत वडील होता. मासे खावेत, पोट भरले की वाळूवर उन्हाला पडावे, असा त्यांचा दिनक्रम होता. माणसांच्या वाटेला त्या जात नसत.

जयसालाला बरीच वर्षे मूल नव्हते. नदीच्या देवीचे वाहन मगर, तेव्हा त्या वाहनाला तृप्त करा, असे कोणीतरी त्याला सांगितले. राजाने नवस केला आणि त्याला मुलगा झाला. तेव्हापासून दर अमावास्येला नगारा वाजवून मगरींना एक बकरा देण्याची प्रथा पडली. मगरींचा डोह नगराच्या वरच्या अंगाला होता, पण तिथे गुडघाभर चिखल. राजाला बसायला सावली आणि पायऱ्या हव्यात म्हणून हा विधी बायकांच्या पाणवठ्यावरच होऊ लागला. हळूहळू तिथे जत्रा भरू लागली. चुरमुरे विकणारे आले, पोरेबाळे आली, आणि मगरीने बकरा ओढून नेला की सारा घाट टाळ्यांनी दुमदुमू लागला. हौसेला मोल नसते म्हणतात, आणि राजाच्या हौसेला तर विचारणाराही नसतो.

बोधिसत्त्वाने आपल्या कुळाला समजावले, "बाळांनो, भूक लागली तर डोहात मासे आहेत. हाकेसरशी धावायची सवय आपल्याला नडेल."

दंष्ट्रक नावाची एक तरणी मगर हसून म्हणाली, "आजोबा, आयते ताट समोर येते आहे. ते नाकारायचे म्हणजे करंटेपणा." बाकीच्यांनी तिचेच ऐकले. बोधिसत्त्व मात्र कधी घाटाकडे गेला नाही.

पुढे राजाच्या बागेचा माळी सोणक याने आपल्या लेकीचे, केतकीचे, लग्न काढले. सोणक राजाच्या मर्जीतला होता. म्हणून राजाने कौतुकाने आपला नगारा त्याला वाजवायला दिला. हळदीच्या दिवशी नवरी नदीची ओटी भरायला घाटावर गेली. पुढे नगारा वाजत होता. केतकी पाण्यात उतरली आणि ओटीचे तांदूळ तिच्या हातातून सुटण्याआधीच दंष्ट्रकेने तिला ओढून नेले.

नगरात आकांत झाला. राजाने सभा बोलावली आणि विचारले, "माणसाला सर्वांत घातक प्राणी कोणता? त्याचा निर्वंश करू."

शिकाऱ्यांचा म्होरक्या म्हणाला, "महाराज, वाघ." वैद्य म्हणाला, "साप. वाघ दिसतो तरी." गुराख्याने रानरेड्याचे नाव घेऊन आपल्या बरगडीवरचा व्रण दाखवला. अमात्याची म्हातारी आई पडद्याआडून म्हणाली, "अहो, माशी! घाणीवरून उठते नि ताटावर बसते. माझी दोन नातवंडं तिनंच नेली." तिला सगळे हसले. शेवटी राजा म्हणाला, "मगर. डोहात एकही मगर जिवंत राहता कामा नये."

पण डोहात उतरणार कोण? सेनापतीने तोडगा काढला, "उतरायचे कशाला? घाटावर नगारा वाजवू. आपोआप येतील." सर्वांनी माना डोलावल्या. हे बोलताना सेनापतीला काही वाटले नाही, आणि ऐकताना इतरांनाही नाही. ही गोष्ट सांगताना आजही मला त्या सभेची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांच्या आडोशाला भालेवाले बसले. जाळी तयार झाली. बघायला नगर लोटले. नगारा वाजू लागला तशा मगरी डोहातून निघाल्या. घाटाकडे यायला दोन खडकांमधून एकच अरुंद वाट होती. बोधिसत्त्वाने ती आपल्या अंगाने अडवली. "आज अमावास्या नाही," तो म्हणाला. "हा नगारा बकऱ्यासाठी नाही. मागे फिरा." दंष्ट्रक त्याला ढुशा देऊ लागली. वाट अडवून किती वेळ धरणार, हे त्याला कळून चुकले. तेव्हा तो स्वतःच पुढे निघाला. काय घडते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तर त्या परततील असे त्याला वाटले.

त्याने पायरीला पाय लावताच जाळे पडले. एक भाला त्याच्या खांद्यात घुसला. ते पाहून मागच्या मगरी डोहाकडे पळाल्या. बोधिसत्त्व तडफडला नाही. तो मनुष्यवाणीने बोलला, "महाराज, मला मारायचे तर मारा. सोणकाची लेक माझ्याच कुळाने नेली, ते मी नाकारत नाही. एकदा सांगून ऐकले नाही म्हणून मी वाळूवर डोळे मिटून पडून राहिलो, याची मला शरम वाटते. पण एक विचारतो. नगारा वाजला की आम्ही इथे येणार, हे तुम्हाला कसे ठाऊक?"

राजाची नजर नगाऱ्याकडे गेली.

"ठाऊक होते, म्हणून तर आज भाले घेऊन बसलात. मग त्या दिवशी नवरीच्या पुढे हाच नगारा कोणी दिला?"

भालेवाल्याने राजाकडे पाहिले. राजाने नुसती भुवई हलवली असती, तर मगर मेली असती आणि तो प्रश्नही तिच्याबरोबर गेला असता. राजाला तसे करावेसे वाटले, हे खरे. पण त्याच्या कानशिलांना आग लागली होती. सभेत आपण विचारलेला प्रश्न त्याला आठवला आणि कुठे तोंड लपवावे ते कळेना. तो सावलीतून उठला, पायऱ्या उतरला आणि गर्दीत उभ्या असलेल्या सोणकासमोर हात जोडून उभा राहिला.

"सोणका," तो म्हणाला, "तुझी लेक मी मारली. या जनावरांना मी इथे बोलवायला शिकवले, आणि तिला वाजतगाजत त्यांच्यापुढे पाठवले तेही मीच."

 सोणक मान खाली घालूनच म्हणाला, "महाराज, माझंही ऐका. केतकी लहान होती तेव्हा गर्दीत तिला दिसायचं नाही. मी तिला खांद्यावर घ्यायचो. मगरीनं बकऱ्याला धरलं की ती टाळ्या पिटायची. मग मी तिला आणखी उंच करायचो."

घाटावर कोणी कोणाकडे पाहीना. चुरमुऱ्याची टोपली घेऊन आलेल्याने ती पाठीमागे लपवली. ज्याने कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, असे एकही माणूस तिथे नव्हते.

सोणकानेच पुढे होऊन जाळ्याच्या गाठी सोडल्या. वैद्याने भाला काढून जखमेवर पाला बांधला. राजाने ती प्रथा मोडली आणि नदीकाठी नगारा वाजवायला मनाई केली. मगरींची सवय सुटेपर्यंत बायकांनी राजवाड्याच्या विहिरीवर पाणी भरावे, असे त्याने ठरवले. बोधिसत्त्वही आपल्या कुळाला घेऊन वरच्या पाणथळीत राहायला गेला. तेव्हापासून त्याने त्यांना एकदाच सांगून सोडून दिले नाही. रोज सांगितले.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षुसंघाच्या गुरूंनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची दंष्ट्रक म्हणजे आताचा उतावळा भिक्षू उत्तिय. सोणक माळी म्हणजे स्थविर वप्पिल. राजा जयसाल म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक सुधन. ती म्हातारी मगर मीच होतो. आणि घाटावर टाळ्या वाजवणारे कोण होते, त्यांची नावे मी घेत नाही."

भिक्षुसंघात एकेकाची नजर जमिनीला लागली. शास्त्यांनी ते पाहिले आणि ते समाधानाने म्हणाले, "हिलाच ह्री म्हणतात, आपल्या दुष्कृत्याची लाज. ती ज्याच्यापाशी शिल्लक आहे, त्याच्या शेजारी राहायला कोणत्याही प्राण्याला भय नाही."