टाळ्यांची पोळी

एका राज्यात नदी माजली, बांध फोडून गावांत शिरली, आणि माणसे जीव घेऊन टेकडीवर जाऊन बसली. राजा सुकेतू म्हातारा, पोटी संतान नाही. त्याने सांगून ठेवले होते, "ज्याच्यासाठी प्रजा टाळ्या वाजवील, तो माझ्यामागे राजा." बोलण्याआधी जरा विचार केला असता तर बरे झाले असते, पण राजांना कोण सांगणार?

पुराची वार्ता ऐकून प्रधान मधुवचन चारचौघांत ढसाढसा रडला. मग डोळे पुसून तो मांत्रिकाकडे गेला. कोठारातला गहू दळला, पोळ्या भाजल्या, मांत्रिकाने त्यांवर फुंकर घातली, आणि प्रधानाने त्या टेकडीवर वाटल्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपण हसत म्हणतो. तिथे ते खरेच झाले. पोळी पोटात गेली की हात टाळ्या वाजवू लागत, आणि मग थांबत नसत.

टेकडी दुमदुमली. राजवाड्यात राजाने ऐकले आणि संतोषाने मान डोलावली. इकडे फुटका बांध तसाच पडला होता, कारण तो घालायला एकही हात मोकळा नव्हता. नदी पुन्हा चढू लागली.

नदीकाठच्या शेतात राबणारी केतकी त्या टेकडीवर होती. तिने आपल्या वाट्याचीही पोळी लेकीला, शेवंतीला, दिली. पोरीच्या तळव्यांना फोड आले, फोड फुटले, तरी हात वाजतच राहिले. दुसरे अन्न नव्हते. केतकी तिला तेच भरवी आणि स्वतः उपाशी राही. आपलेही हात गेले, तर पोरीला घास कोण देणार?

बाभळीवरची साळुंकी तिला म्हणाली, "केतकी, तीन दारी जा. एकच प्रश्न विचार, पोळी कुणाची? ज्याच्या हुकमाने कोठार उघडते, त्याच्या तोंडून खऱ्या धन्याचे नाव निघाले, की हात सुटतील."

केतकी प्रधानाच्या दारी गेली.

"प्रधानजी, पोळी कुणाची?"

"माझ्या हातून मिळाली, म्हणजे माझी."

टेकडीवर टाळ्या दुप्पट झाल्या.

ती कोठारापाशी गेली. उंबऱ्यावर राखणीचा नाग होता, आणि नाग खोटे बोलत नाही.

"नागराजा, पोळी कुणाची?"

"गहू तुमच्या खळ्यावरचा. अडल्या दिवसासाठी राजाकडे ठेवलेली ती ठेव. पण मला विचारतो कोण? राजाकडून वदवून घे."

भुकेने तिला चक्कर येत होती. तशीच ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, पोळी कुणाची?"

"कोठार माझे, पोळी माझी. ऐक, प्रजा किती सुखात आहे!"

"तर मग चलावे महाराज, आणि त्या सुखाचे हात पाहावेत."

राजा टेकडीवर आला. शेवंतीचे रक्ताळलेले तळवे त्याने पाहिले आणि त्याची मान खाली गेली. नागाचे शब्द केतकीने सांगितले. खरे बोलावे, तर दातेपणाचा मान आपल्या हाताने उतरवून ठेवायचा. मला या राजाचा राग आहे, पण तेवढे त्याने केले, हे सांगायला हवे.

"पोळी तुमची," तो मोठ्याने म्हणाला. "मी नुसता राखणदार. तुमचेच तुम्हाला दिले, आणि वर टाळ्या घेतल्या. मी चुकलो."

हात थांबले. क्षणभर नदीचाच आवाज उरला. मग माणसे उठली आणि बांधाकडे धावली. राजाने मातीची पाटी डोक्यावर घेतली. प्रधानालाही पाटी मिळाली, जड बघून दिली. मांत्रिकाने रातोरात राज्य सोडले. बांध उभा राहिला, नदी पात्रात परतली, आणि कोठार उघडताना कुणाचे नाव घ्यायचे नाही, असा नेम झाला.

केतकी टेकडीवर येऊन मटकन खाली बसली. शेवंतीने सुजलेल्या बोटांनी पोळी मोडली आणि तुकडा आईच्या तोंडाशी धरला.

"आई, आता तू खा. आपलीच आहे."