थोरल्या आईचा निखारा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, इतकी जुनी की त्यातल्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही.

त्या राजाच्या देशातून काही कुटुंबं समुद्र ओलांडून एका बेटावर राहायला गेली. जाताना त्यांनी मडक्यात राख भरून तिच्यात एक निखारा जपून नेला. त्याच निखाऱ्यावर बेटावरची प्रत्येक चूल पेटली. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओंजळीत खापरी ठेवी आणि तीत विस्तव घाली. सात पिढ्या तो विझला नव्हता. सर्वांत जुनी चूल होती थोरल्या आईची. साऱ्या बेटाची ती थोरली आई.

राजाने बेट कधी पाहिलंही नव्हतं. पण नवा महाल बांधून तिजोरी रिकामी झाली, तेव्हा त्याला बेट आठवलं. अंमलदार फर्मान घेऊन आला, “तुमचा विस्तव राजाच्या देशातला. म्हणून प्रत्येक चुलीमागे एक पोतं भात द्या.”

लोकांनी दिलं. दुसऱ्या वर्षी दोन पोती मागितली. तिसऱ्या वर्षी चार पोत्यांचा निरोप आला, तेव्हा पोरांच्या तोंडचा घास जायची वेळ आली.

“त्या अंमलदाराचं गलबत किनाऱ्याला लागू दे, जाळूनच टाकतो!” होड्या बांधणारा तापट सुतार ओरडला.

“जाळशील रे बाबा,” थोरली आई म्हणाली. “मग दुसरं येईल, भालेवाल्यांनी भरलेलं.”

“मग काय करू? हात जोडू?”

“नको. विस्तव विझवू.”

एक सासूबाई पुटपुटल्या, “म्हातारीचं डोकं फिरलं!”

थोरली आई घरी आली आणि चुलीपुढे बसली. ‘एवढा निखारा विझू देऊ नकोस गं,’ असं म्हणत तिच्या आईने डोळे मिटले होते. तरी तिने तांब्या उपडा केला. चर्र झालं, घरभर धूर झाला. तिच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं की कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

तिची चूल विझली, मग बाकीच्यांनाही धीर आला.

अंमलदार आला, तर एकाही घरावर धूर नाही. त्याने चुलींत हात घालून पाहिले. गार राख!

“कच्चं किती दिवस खाल?” तो हसला. “मी थांबतो.”

तीन दिवस बेटाने भिजवलेले पोहे आणि नारळ खाल्ले. मुलं रडकुंडीला आली. चौथ्या सकाळी थोरली आई अंमलदारासमोर येऊन बसली. तिच्याजवळ ओढ्यातल्या दोन गारगोट्या आणि सावरीचा कापूस होता. ती गारगोटीवर गारगोटी आपटू लागली. तळहात सोलवटले, तेव्हा सुतार पुढे झाला.

“आण, आई. गलबत नाही जाळलं, निदान चूल तरी पेटवू दे!”

ठिणगी पडली. थोरल्या आईने फुंकर घातली आणि कापसाने पेट घेतला.

“साहेब, दगड या बेटाचा, कापूस या बेटाचा, फुंकर माझी. यात तुमच्या राजाचं काय आहे, ते दाखवा.”

अंमलदाराने फर्मान दोनदा वाचलं आणि गुंडाळलं. त्या दिवशी गलबत रिकामं परतलं आणि बेटावरच्या प्रत्येक घरातून धूर निघाला.

राजा खवळला. पण तोवर वार्ता राजाला असाच कर देणाऱ्या आसपासच्या अकरा बेटांवर पोचली होती आणि तिथेही गारगोट्या वाजू लागल्या होत्या. एका बेटाला दम देता आला असता, बारा बेटांना कसा देणार? राजाने कर मागे घेतला.

त्यानंतर लेक सासरी निघाली की आई तिच्या ओंजळीत खापरी देईनाशी झाली. ती देई दोन गारगोट्या.

मुलांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या निखाऱ्यावर भात शिजतो, पण मान राहतो तो आपल्या हाताने पेटवलेल्या चुलीवरच.