बस्त्यावने इनाससाठी काय मागितलं

फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका गावात बस्त्याव नावाचा केळीवाला राहत होता. गावच्या सणाला ज्याच्या वाडीत केळीचा सर्वांत मोठा घड येई, त्याला मिरवणुकीत सर्वांपुढे क्रूस धरायचा मान मिळे. सलग तीन वर्षं तो मान शेजारच्या इनासने मिळवला होता, आणि तीन वर्षं बस्त्यावला जेवण गोड लागलं नव्हतं.

रोज सकाळी बस्त्याव चर्चमध्ये पहिल्या बाकावर गुडघे टेकी. त्याला जरा कमी ऐकू येई. आपण मनातल्या मनात पुटपुटतोय असं त्याला वाटे, पण ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

"प्रभू, यंदा जोराचा वारा सोड," तो म्हणे. "पण कुंपणाच्या पलीकडेच सोड हं. अलीकडे माझी वाडी आहे."

एके दिवशी म्हातारे फादर त्याच्या शेजारी येऊन बसले. "बस्त्याव, देवाला कामं अगदी नीट समजावून सांगतोस!"

बस्त्याव ओशाळला. "फादर, मागायला तर तुम्हीच सांगता."

"मग नऊ दिवस फक्त इनाससाठी माग. स्वतःसाठी एक अक्षरही नको."

बस्त्यावने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडले. "प्रभू, इनासला गाढ झोप दे. केळींना पाणी घालायची वेळ टळेपर्यंत दे."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "प्रभू, इनासकडे खूप पाहुणे पाठव. केळी आवडणारेच पाठव."

चौथ्या दिवशी तर त्याचा आवाज अगदी भक्तीने भरून आला. "प्रभू, इनासला नम्र कर. मिरवणुकीत सगळ्यांच्या मागून चालावं असं त्याला आपणहून वाटू दे."

मागे फादर मोठ्याने खोकले. "अरे, त्याला काय हवंय ते त्याला विचारलंस का कधी?"

बस्त्याव कुरकुरतच इनासच्या अंगणात गेला. "इनास, देवाकडे तुझ्यासाठी काय मागू?"

"तू? माझ्यासाठी?" इनास दचकला. "तुला बरं वाटतंय ना रे?"

मग त्याने आजूबाजूचा कानोसा घेतला. बस्त्यावच्या कानाशी येऊन तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. घड किती भरला ते हातांनी चाचपून बघतो. नात झाली, मांडीवर खेळते, पण तिचं तोंड अजून मला दिसलेलं नाही."

बस्त्याव घरी आला आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून झोपायला गेला.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "प्रभू, इनासला दिसू दे." पुढे नेहमीप्रमाणे 'पण' येईल म्हणून तो थांबला. 'पण' काही आलाच नाही.

मात्र 'आमेन' म्हणताच त्याला आपल्या सासुरवाडीच्या गावचा वैद्य आठवला. तो मोतीबिंदू काढत असे. वाट दोन दिवसांची, त्यात डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत तिथेच थांबणं आलं, आणि आठवड्याभरात वैद्य परमुलखात जाणार होता. सण पाच दिवसांवर आलेला. त्यातून यंदा बस्त्यावचाच घड सर्वांत मोठा भरला होता!

तो पुन्हा गुडघ्यांवर बसला. 'सण झाल्यावर जा' असं देव सांगेल, म्हणून त्याने कान टवकारले. देव काही बोलला नाही. बस्त्यावने बैलगाडी जुंपली आणि इनासला बसवून निघाला.

सणाच्या दिवशी गावात क्रूस तिसऱ्याच कुणीतरी धरला. इकडे वैद्य इनासच्या डोळ्यांवरची पट्टी सोडत होता. एका डोळ्याला काही गुण आला नाही, पण दुसरा उघडला. इनासने समोर निरखून पाहिलं.

"बस्त्याव, किती म्हातारा झालास रे!"

"आणि तू काय नवरदेव दिसतोस?"

दोघे हसता हसता रडू लागले, तसा वैद्य ओरडला, "डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलं ना!"

चार दिवसांनी इनासने नातीला उजेडात नेऊन मन भरेपर्यंत पाहिलं. दारात उभ्या असलेल्या बस्त्यावला त्या वेळी देवाकडे आणखी काही मागायचं सुचलंच नाही.

दुसऱ्याचं भलं जो मनापासून मागतो, त्याला ते करायलाही उठावं लागतं. आणि उठताना त्याचा स्वार्थ गळून पडतो.