उभ्याने येणाऱ्या शेंगा

मुलांनो, एका खाडीच्या तोंडाशी, खचत चाललेल्या काठात बीळ करून एक कोल्हीण राहत असे. तिथे पूर्वी दाट कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल होते. ते तुटले आणि चिखलात काळे खुंट तेवढे उरले. ओहोटी लागली की खुंटांमधून बुडबुडे निघत आणि वाटे, खाली कुणीतरी श्वास घेते आहे. दर उधाणाला समुद्र काठाचा एक घास तोडून नेई. बिळात कोल्हिणीची पिल्ले नुकतीच डोळे उघडत होती. मागे लगेच माणसांचा रस्ता, त्यावर कुत्री. सरकायला जागाच नव्हती.

"रडत काय बसायचं? कांदळ आपणच लावू!" कोल्हीण म्हणाली. पलीकडच्या वनातून वाहून आलेल्या कांदळाच्या लांब, टोकदार शेंगा तिने गोळा केल्या. हाक देताच बगळा आला, रानडुक्कर आले, घारही आली. पाण्यालगतच्या मऊ चिखलात सगळ्यांनी भराभर शेंगा खोवल्या. "एका दिवसात जंगल!" बगळा मान उंचावून म्हणाला.

दुसऱ्या सकाळी दाट धुके होते. चिखलात एकही शेंग नव्हती. सगळ्या वर काठाजवळ, एकीला एक लागून, ओळीने निजवलेल्या. पाऊल मात्र कुणाचेच नाही. कोल्हिणीने त्या पुन्हा लावल्या, पुढच्या भरतीनंतर पुन्हा तेच. "मेलेलं वन आहे हे, बाई," डुक्कर पुटपुटले, "त्याला उठवू नकोस." बगळा म्हणाला, "आणि आम्ही आलो होतो ना एक दिवस? झालं आमचं काम."

"एक दिवस! माझी पिल्लं काय एका दिवसापुरती आहेत का रे?" कोल्हीण ओरडली. पण तोवर सगळे धुक्यात विरले होते.

तिसऱ्या दिवशी तिने एकटीने शेंगा लावल्या आणि काठाजवळच्या खुंटावर चढून बसली. भरती चढू लागली. पाण्याखाली काहीतरी सुटल्याचा आवाज आला, टप, टप. मग धुक्यातून शेंगा आल्या. आडव्या नव्हे, उभ्या! टोक खाली, डोके पाण्याबाहेर, एकीमागून एक, जणू खाडीच्या तळावरून चालत तिच्याकडेच. कोल्हिणीच्या अंगावर काटा आला. "कोण आणतंय यांना?"

"कोण ते कशाला विचारतेस?" खुंटाच्या ढोलीतून म्हातारा खेकडा म्हणाला. "कुठे नेतंय ते बघ की!"

शेंगा काठाशी येऊन टेकल्या. पाणी उतरू लागले, तशा एकेक करून ओळीने आडव्या झाल्या.

"तू लावतेस तिथं पाणी मुक्कामालाच असतं," खेकडा म्हणाला. "रोप गुदमरतं. पाणी येतं, घडीभर टेकतं आणि निघून जातं, तिथंच कांदळ जगतं. समुद्र रोज जागा दाखवतोय. पण तुला घाई! तुला मऊ चिखल हवा!"

कोल्हीण वरमली. वरचा चिखल कडक होता, शिंपल्यांनी भरलेला. नखे तुटली, पंजे सोलले. कधी दिवसाला दहा शेंगा लागत, कधी तीनच. ती दर ओहोटीला जाई, रोपांना गुरफटलेले शेवाळ दातांनी सोडवी, मेलेल्या रोपाच्या जागी नवी शेंग खोवी. पिल्ले मोठी होऊन निघून गेली, तरी ती जात राहिली.

चौथ्या वर्षी, काठापुढे कांदळ दाट उभे राहिले असताना, श्रावणी पौर्णिमेचे उधाण आले. बिळात नवी पिल्ले होती. समुद्र गर्जत काठावर धावला, कांदळात शिरला आणि एकाएकी गप्प झाला. ती शांतता इतकी विचित्र होती की पिल्ले आईच्या पोटाखाली दडली. कोल्हिणीने कान टवकारले. बाहेर, अगदी जवळ, पाणी मुळांमधून कुजबुजत फिरत होते. बराच वेळ फिरले. मग, बिळाच्या तोंडाला न शिवता, हळूहळू मागे गेले.

तात्पर्य : हौसेने एक दिवस राबणारे पुष्कळ असतात, पण जागेचे म्हणणे ऐकून रोज राबतो, त्याचेच काम टिकते.